ख्रिस्तसंघाचा तांबडा क्रूस

श्रोतेहो, मानचिन्हांची थोरवी आणि त्यांची किंमत ह्या दोन गोष्टी वऱ्हाडच्या माणसाला मुद्दाम समजावून सांगाव्या लागत नाहींत. १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनीं निजाम मीर महबूब अली खान यांजकडून वऱ्हाडचे जिल्हे दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यांत कायमच्या पट्ट्यानें लिहून घेतले. आणि १९०३ सालच्या आरंभीं निजामांस बाथ नांवाच्या इंग्लिश वीरसंघाचा 'ग्रँड क्रॉस', म्हणजे जी. सी. बी. हा किताब मिळाला. लोक मोठे खट्याळ! त्यांनीं ह्या तीन अक्षरांचा विस्तार 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे 'कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलें', असा केला. पुढें १९३६ च्या करारानें निजामांच्या युवराजांस 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. पण अमरावती-अकोल्याचा कारभार मात्र पूर्वींप्रमाणेंच दुसऱ्यांच्या हातीं राहिला. मान एकाकडे आणि मुलूख दुसऱ्याकडे, अशी ही वांटणी होती.

वरील विनोदांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. छातीवर लकाकणारा तारा आपण समोरून पाहतों. त्याच्या पाठीमागें काय असतें? तो कोणी दिला, कशासाठीं दिला, आणि त्याचा खर्च कोणाच्या माथीं बसला? हेच प्रश्न हातीं घेऊन आज आपण एका फार जुन्या मानचिन्हाचा इतिहास पाहूं. तें चिन्ह म्हणजे पोर्तुगालच्या राजांचा 'ख्रिस्तसंघ', पोर्तुगीज भाषेंत 'ओर्देम द क्रिश्तु', याचा तांबडा क्रूस. हा क्रूस वऱ्हाडांत आला नाहीं. परंतु गोवें, चौल, वसई ह्या आपल्याच भाषेच्या किनाऱ्यावर तो शेंकडों वर्षें मिरवला. सहलीला जाऊन त्या किल्ल्यांच्या भिंती पाहणाऱ्या आपल्या मुलांनीं 'हें काय?' म्हणून विचारलें, तर उत्तर देतां आलें पाहिजे.

प्रथम 'वीरसंघ' म्हणजे काय तें पाहूं. आज ऑर्डर म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पदक व रेशमी फीत उभी राहते. मूळ अर्थ तसा नव्हता. बाराव्या शतकांत यरुशलेमच्या वाटेवर यात्रेकरूंच्या रक्षणासाठीं कांहीं सरदार एकत्र आले. त्यांनीं संन्याशाप्रमाणें दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन हीं तीन व्रतें घेतलीं, परंतु हातांतील तलवार मात्र टाकली नाहीं. अर्धा बैरागी व अर्धा शिपाई असा हा नवा आश्रम होता. आपल्याकडील गोसाव्यांच्या आखाड्यांची आठवण ठेविली म्हणजे ही कल्पना परकी वाटणार नाहीं. ह्या संघांपैकीं सर्वांत प्रसिद्ध तो टेंपलर संघ. त्याचे वीर पांढरा झगा घालीत आणि त्यावर तांबडा क्रूस लावीत.

व्रत दारिद्र्याचें असलें तरी संघाकडे देणग्यांचा ओघ वाहूं लागला. टेंपलरांकडे किल्ले आले, जमिनी आल्या, आणि राजेरजवाडे त्यांचे ऋणको झाले. ऋणको जेव्हां राजा असतो, तेव्हां धनकोनें जपून असावें. १३ ऑक्टोबर १३०७ रोजीं फ्रान्सचा राजा चौथा फिलिप यानें आपल्या राज्यांतील टेंपलर एकाच दिवशीं पकडविले. त्यांच्यावर पाखंडीपणाचे आरोप ठेवले. आणि १३१२ सालीं पोप पांचवा क्लेमेंट यानें तो संघच मोडून टाकला. त्याची मालमत्ता दुसऱ्या एका संघास द्यावी असा सर्वसाधारण हुकूम झाला.

पोर्तुगालचा राजा दिनिश हा मोठा धोरणी होता. आपल्या राज्यांतील किल्ले व जमिनी परक्या संघाच्या हातीं जाव्या, हें त्याला परवडण्यासारखें नव्हतें. त्यानें पोपाच्या दरबारीं चिकाटीनें खटपट केली, आणि १४ मार्च १३१९ रोजीं पोप बाविसावा जॉन यानें एका आज्ञापत्रानें नवा संघ स्थापन केला. त्याला नांव मिळालें ख्रिस्ताच्या वीरांचा संघ. टेंपलरांची पोर्तुगालमधील मालमत्ता ह्या संघास मिळाली. त्याचें पहिलें ठाणें दक्षिणेकडील काश्त्रु मारीं येथें होतें. १३५७ सालीं तें तोमार येथील टेंपलरांच्या जुन्या गढींत गेलें. हा तोमारचा मठ १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे.

आतां चिन्हाकडे वळूं. नव्या संघानें टेंपलरांचा पांढरा झगा ठेवला व तांबडा क्रूसही ठेवला. पण त्या तांबड्या क्रूसाच्या पोटांत एक साधा, सडपातळ पांढरा क्रूस घातला. ख्रिस्तसंघाचा क्रूस ओळखण्याची हीच खूण आहे. चारही बाहू टोंकाकडे रुंदावत जातात, खालचा बाहू बहुधा किंचित लांब असतो, आणि आंतून पांढरी रेघ जाते. पोर्तुगालांत त्याचे दोन भाऊबंद होते. आव्हीश संघाचा क्रूस हिरवा असून त्याच्या टोंकांस कमळासारखीं फुलें असतात. सांतियागु संघाचा क्रूस तांबडाच, पण त्याचा आकार तलवारीसारखा, खालीं टोंकदार. हे तीन फरक ध्यानांत ठेवले कीं जुन्या चित्रांतील पुरुष कोणत्या संघाचा, हें पाहतांक्षणींच सांगतां येतें.

एवढ्यावर हा इतिहास थांबला असता, तर आपणांस त्याच्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. परंतु १४२० सालीं ह्या संघाचा कारभार राजपुत्र हेन्री याच्याकडे आला, व १४६० मध्यें तो मरण पावेपर्यंत त्याच्याकडेच राहिला. आफ्रिकेच्या किनाऱ्यानें दक्षिणेकडे गलबतें पाठविण्याचा त्याला ध्यास होता, आणि त्या उद्योगाला लागणारा पैसा संघाच्या उत्पन्नांतून येत असे. म्हणूनच त्या गलबतांच्या शिडांवर तांबडा क्रूस झळकूं लागला. यरुशलेमच्या वाटेवर यात्रेकरूंचें रक्षण करणारें चिन्ह आतां समुद्रावर निघालें. आणि त्या समुद्रावर सोनें, मिरीं व गुलाम यांचाही व्यापार होता, हें विसरून चालणार नाहीं.

श्रोतेहो, यापुढील गोष्ट अधिक नवलाची आहे. १४५६ सालीं पोप तिसरा कॅलिक्स्टस यानें एक आज्ञापत्र काढलें. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट हिंदी लोकांपर्यंत जे प्रदेश पोर्तुगीजांस सांपडतील, तेथील धर्मविषयक अधिकार त्या आज्ञापत्रानें तोमारच्या ख्रिस्तसंघाला दिला. वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला तो १४९८ सालीं. म्हणजे पोर्तुगीजांनीं हिंदुस्थान डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं ४२ वर्षें, येथील माणसांच्या आत्म्यांचा कारभार कोणी पाहावा हें कागदावर ठरून गेलें होतें! त्या वेळीं वऱ्हाडांत इमादशाही स्थापन होण्यासही अद्याप अवधि होता. ज्यांच्याविषयीं हा ठराव झाला, त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

कागदाची ही शक्ति हलकी समजूं नये. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं आफोंसु द आल्बुकेर्क यानें गोवें जिंकलें. तेव्हां तेथील चर्च धर्मविषयक बाबतींत तोमारच्या अधिकाराखालीं येत होतें. १५१४ सालीं मदैरा बेटांतील फुंशाल येथें बिशपची गादी झाली व हा अधिकार तिकडे गेला. १५३४ सालीं गोव्यास स्वतंत्र बिशप देण्याचें ठरलें. पुढें गोवें आर्चबिशपचें ठाणें झालें व पूर्वेकडील पोर्तुगीज चर्चची राजधानी बनलें. ह्या व्यवस्थेला 'पाद्रुआदु', म्हणजे आश्रयाचा हक्क, असें नांव होतें. चर्च बांधणें, पाद्र्यांचें वेतन व प्रवासखर्च देणें हें राजाचें कर्तव्य. आणि बिशपच्या जागीं कोणाचें नांव सुचवावें, हा राजाचा अधिकार. देणारा हात ज्याचा, निवड त्याची.

येथें कोणी विचारील, कीं संघाचा अधिकार राजाकडे कसा आला? त्याचें उत्तर असें. मानुएल हा राजपुत्र १४८४ पासून ख्रिस्तसंघाचा प्रमुख होता. १४९५ सालीं अनपेक्षितपणें तो राजा झाला, आणि संघाचें प्रमुखपद त्यानें सोडलें नाहीं. गामाची गलबतें त्याच्याच कारकीर्दींत निघालीं. त्याच्या 'पोर्तुगेज' नांवाच्या मोठ्या सोन्याच्या नाण्यावरही हाच क्रूस आहे. पुढें १५५१ सालीं पोप तिसरा ज्यूलियस यानें ख्रिस्त, आव्हीश व सांतियागु ह्या तीनही संघांचें प्रमुखपद पोर्तुगालच्या गादीस कायमचें जोडून दिलें. ह्यानंतर राजा हाच धर्मसंघाचा महंत झाला. ज्याच्या हातीं राजदंड त्याच्याच हातीं जपमाळ, अशी ही स्थिति होती.

मधल्या काळांत व्रतांचें काय झालें? पंधराव्या शतकाच्या शेवटीं पोपाच्या परवानगीनें वीरांना विवाहाची मोकळीक मिळाली, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं दारिद्र्याचें बंधनही सैल झालें. संघाच्या जमिनींचें उत्पन्न 'कोमेंद' ह्या नांवानें सरदारांस बक्षीस मिळूं लागलें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर मठाचें इनाम मानकऱ्यांच्या नांवें चढलें. पांढरा झगा तोच होता, तांबडा क्रूसही तोच होता. पण पूर्वीं ज्यानें तो घालावा त्याला संपत्ति सोडावी लागे, आतां ज्यानें तो घालावा त्याला संपत्ति मिळे. चिन्ह न बदलतां अर्थ उलटा होतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

असा मान मिळविण्यास मग उमेदवारांची रीघ लागली, आणि रीघ लागली कीं दरवाजावर पहारा बसतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उमेदवाराच्या कुळाची कसून चौकशी होऊं लागली. वंशांत यहुदी किंवा मुसलमान रक्त नाहीं ना, बाप किंवा आजा हातानें काम करून पोट भरणारा नव्हता ना, ह्याबद्दल साक्षी घेतल्या जात. सुताराचा नातू रणांगणावर कितीही शौर्य गाजवो, आजोबाची वाकस त्याच्या आड येई. राजानें मेहेरबान होऊन सूट द्यावी, तरच मार्ग मोकळा. नाझरेथच्या एका सुताराच्या घरीं वाढलेल्या पुरुषाच्या नांवानें चालणाऱ्या संघांत हा नियम असावा, हा विरोध त्या काळच्या कित्येकांच्या ध्यानींही आला नसेल. आपणही त्यांना हंसण्याची घाई करूं नये. श्रमाला हीन लेखून मानाच्या पंक्तींतून उठविण्याची विद्या आपल्या समाजाला कोणी शिकवावी लागली नव्हती.

गोव्यांत ह्या चौकशीला आणखी एक धार होती. येथील माणूस बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला, पोर्तुगीज भाषा शिकला, तरी लिस्बनमध्यें जन्मलेल्या माणसाच्या बरोबरीनें त्याला मानमरातब मिळत नसे. २ एप्रिल १७६१ च्या राजाज्ञेनें हिंदुस्थानांतील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्यें जन्मलेल्यांच्या बरोबरीचे मान व हक्क दिले, तो प्रधान पोंबाल याचा काळ होता. त्याच्याच काळांत, १७७३ सालीं, जुने ख्रिस्ती व नवे ख्रिस्ती हा भेदही कायद्यानें रद्द झाला. गोवें जिंकल्यापासून २५० वर्षांनीं हें झालें. कायदा आला, तरी मन बदलण्यास त्यापुढेंही फार काळ लागला.

ह्या क्रूसाच्या छायेखालीं आपल्या किनाऱ्यावर काय घडलें, ह्याचा हिशेब एका बाजूनें मांडणें अन्यायाचें होईल. १५५६ सालीं गोव्यांत छापखाना सुरू झाला. हिंदुस्थानांतील मुद्रणाचा तो आरंभ. त्याच व्यवस्थेंतून १५७९ सालीं फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास आला, आणि त्याचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. मराठी भाषेवर इतकें प्रेम करणारा परदेशी ग्रंथकार त्या शतकांत दुसरा दाखवितां येणार नाहीं. आणि त्याच काळांत, त्याच राजसत्तेखालीं, साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडलीं गेलीं. कित्येक कुटुंबें आपले देव घेऊन खाडीपलीकडे गेलीं. आणि १५६० मध्यें बसलेली धर्मन्यायसभा, मधलीं थोडीं वर्षें सोडल्यास, १८१२ पर्यंत चालली. ह्या प्रत्येक कृत्याचा कर्ता ख्रिस्तसंघ होता असें नव्हे. परंतु ज्या अधिकाराच्या बळावर राजा तेथील धर्माचा आश्रयदाता झाला, त्या अधिकाराच्या मुळाशीं संघाला मिळालेलें तें जुनें आज्ञापत्र होतें. ग्रंथ आणि भग्न देऊळ हीं दोन्हीं एकाच खात्यावर लिहावीं लागतात.

आतां हें चिन्ह पाहावयाचें कोठें? जुन्या गोव्यांत सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठांत पुरातत्त्व खात्याचें संग्रहालय आहे. तेथें पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांचीं चित्रें ओळीनें लाविलेलीं आहेत. हा संग्रह १५४७ च्या सुमारास दों जुआंव द काश्त्रु यानें सुरू केला. त्यांतील कित्येकांच्या छातीवर संघाचा क्रूस दिसतो. वर सांगितलेल्या खुणा तेथें लावून पाहाव्या. वास्को द गामा प्रथम सांतियागु संघाचा होता व मागाहून ख्रिस्तसंघांत आला, हें ठाऊक असलें म्हणजे त्याच्या चित्रांतील क्रूसाचा अर्थ लागतो. पोर्तुगीज किल्ल्यांच्या दरवाजांवर तीन चिन्हें शोधावीं: पांच लहान ढालींचें राजचिन्ह, कड्यांचा बनविलेला खगोल, आणि हा क्रूस. खगोल हें मानुएल राजाचें स्वतःचें चिन्ह. चिखलदऱ्याजवळ गाविलगडच्या दरवाजावर कोरलेले गंडभेरुंड, सिंह व हत्ती ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना दगडांतून बोलणाऱ्या राज्यकर्त्यांची ही भाषा नवी वाटणार नाहीं.

वसईच्या किल्ल्यांत पडक्या चर्चच्या जमिनींत कुलचिन्हें कोरलेल्या कबरशिला आहेत. १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेलेली वसई १७३९ सालच्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं घेतली. तेथील चर्चमधील कांहीं घंटा विजयाची खूण म्हणून देशावरील देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा त्यांपैकींच प्रसिद्ध आहे. जें एकाचें मानचिन्ह तें दुसऱ्याचें विजयचिन्ह होतें, आणि कालांतरानें दोघांचाही राग ओसरून केवळ घंटेचा नाद उरतो.

संघाचा पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १७८९ सालीं राणी पहिली मारिया हिनें तीनही संघांची पुनर्रचना केली व पदकावर क्रूसाच्या माथ्यावर ख्रिस्ताच्या पवित्र हृदयाचें चिन्ह बसविलें. ख्रिस्तसंघाचा पट्टा तांबडा, आव्हीशचा हिरवा व सांतियागुचा जांभळा, ही खूण तेव्हांपासून रूढ आहे. १८१८ सालीं राजा सहावा जुआंव यानें ब्राझीलमध्यें असतांना व्हीला व्हिसोझाच्या निष्कलंक मातेच्या नांवानें आणखी एक राजसंघ काढला. त्याची फीत फिकट निळी असून कडा पांढऱ्या असतात. १८३४ मध्यें पोर्तुगालांतील मठ बंद झाले, त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, आणि ख्रिस्तसंघ केवळ मानाचा संघ उरला. १९१० सालीं राजशाही गेली. प्रजासत्ताकानें संघ रद्द केला, आणि १९१८ च्या अखेरीस तोच संघ पुनः सुरू केला! आज पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष त्याचा पदसिद्ध प्रमुख असतो. पोर्तुगीज विमानदलाच्या विमानांवर आणि 'साग्रेश' ह्या शिकाऊ जहाजाच्या शिडांवर तो क्रूस अद्याप आहे. गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता मात्र १९ डिसेंबर १९६१ रोजीं संपली.

मानाचें चिन्ह आणि सत्तेचें वास्तव यांची फारकत आपल्या इतिहासालाही अपरिचित नाहीं. १७९२ सालीं महादजी शिंदे यांनीं दिल्लीच्या बादशहाकडून आणलेलीं वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें पुण्यास मोठ्या समारंभानें पेशव्यांस अर्पण केलीं. देणाऱ्या बादशहाचें राखण शिंद्यांची फौज करीत होती! तरीही त्या समारंभाचें महत्त्व सर्वांनीं जाणलें, कारण मान हा केवळ बळावर उभा नसतो. त्याला परंपरेची साक्ष लागते. ख्रिस्तसंघ प्रजासत्ताकानें पुनः जिवंत केला तो ह्याच कारणानें.

म्हणून मानचिन्हें मुळींच नसावीं काय? आपल्या घटनेनें ह्याचें विचारपूर्वक उत्तर दिलें आहे. तिच्या १८ व्या कलमानें किताब रद्द केले. रावबहादुर रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांजसारखे पुढारी ज्या अमरावतीनें पाहिले, त्या अमरावतीला त्या बदलाचा अर्थ चांगला समजेल. पुढें १९५४ सालीं भारतरत्न व पद्म सन्मान सुरू झाले. आणि १९९५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं हे सन्मान किताब नव्हेत, त्यामुळें ते नांवाच्या मागें-पुढें लावूं नयेत. गुणाची कदर व्हावी, पण ती कदर वंशाची, इनामाची किंवा वरच्या पंक्तीची सनद होऊं नये, असा हा मार्ग आहे. तांबड्या क्रूसाचा ७०० वर्षांचा प्रवास पाहिला म्हणजे ह्या सावधगिरीचें कारण उमगतें. व्रतापासून निघालेलें चिन्ह जहागिरीला पोंचलें, रक्षणासाठीं निघालेलें चिन्ह जिंकण्याला लागलें. आणि प्रत्येक टप्प्यावर तें धारण करणाऱ्यांना आपण मूळ धर्मच पाळीत आहों, असेंच वाटत होतें.

तेव्हां, श्रोतेहो, गोव्यास किंवा वसईस जाल तेव्हां त्या दगडी क्रूसापुढें क्षणभर थांबा. त्याची निंदा करण्याचें कारण नाहीं, आणि त्याच्या रेखीवपणानें भारून जाण्याचेंही नाहीं. पोटांतली ती पांढरी रेघ नीट पाहा, आणि बरोबरच्या मुलांना तेच तीन प्रश्न विचारावयास शिकवा: कोणी दिला, कशासाठीं दिला, आणि त्याची किंमत कोणी मोजली? ज्या घरांत हे प्रश्न विचारले जातात, त्या घराला कोणत्याही काळच्या पदकांची झळाळी दिपवूं शकणार नाहीं.